प्रचाराच्या वेबसाइट्स शेजारी-शेजारी ठेवून कशा वाचायच्या

माझ्याकडे डिझाइन शिकायला येणाऱ्या मुलामुलींना पहिल्या आठवड्यात मी एकच काम देते: दोन उमेदवारांच्या प्रचाराच्या वेबसाइट्स घ्या आणि त्यांची तुलना करून आणा. बहुतेक जण येऊन सांगतात, "ही मस्त आहे, ती जुनाट वाटते." ही तुलना नाही, ही आवड झाली. उद्या एखाद्या उमेदवाराच्या कार्यालयात "आमच्या साइटचं नेमकं काय चुकतंय?" असं कोणी विचारलं, तर "जुनाट वाटते" या उत्तराचा त्यांना काडीचाही उपयोग नाही.

मी नाशिकमध्ये फ्लेक्सच्या दुकानात टाइपसेटिंग करत या कामात आले, आता साइट्स करते. कॉलेज रोडवर, सिडकोत, नाशिक रोडला क्लासमधून बाहेर पडलेली आणि निवडणूक लागली की पहिलं काम हातात येणारी जी मंडळी आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. पद्धत साधी आहे. लॅपटॉप, फोन, प्रिंटर आणि थोडा बटर पेपर एवढं पुरतं.

पहिली पायरी: साइट काय मागतेय ते ओळखा

रंग, फॉन्ट, फोटो हे सगळं नंतर. आधी पान उघडा आणि स्वतःला विचारा, हे पान माझ्याकडे नेमकं काय मागतंय? पैसे? ईमेल? वेळ? की फक्त एवढंच, की मतदानाच्या दिवशी यंत्रावर हे चिन्ह लक्षात ठेवा?

हा प्रश्न आधी का, हे अमेरिकेतल्या साइट्स पाहिल्यावर लगेच कळतं. नवे डिझायनर संदर्भ म्हणून हमखास त्याच उघडतात. तिथे पहिल्याच पडद्यावर ईमेलची चौकट असते आणि त्याखाली किंवा वरच्या कोपऱ्यात देणगीचं ठळक बटण असतं. डेमोक्रॅट पक्षाच्या बाजूला २००४ पासून अ‍ॅक्टब्लू आणि रिपब्लिकनांच्या बाजूला २०१९ पासून विनरेड अशा लहान देणग्या गोळा करणाऱ्या यंत्रणा उभ्या आहेत. उमेदवाराची साइट हे त्यांचं दार आहे. म्हणून सगळी मांडणी त्या बटणाकडे उतरते.

आपल्याकडे नगरसेवकपदाच्या उमेदवाराची साइट कोणाकडे ऑनलाइन वर्गणी मागायला बसलेली नसते. तिला सांगायचं असतं की हा माणूस कोण, कुठल्या पक्षाचा, कुठल्या प्रभागाचा आणि यंत्रावर तो कुठे सापडेल. २०१७च्या नाशिक महापालिका निवडणुकीत ३१ प्रभाग आणि १२२ जागा होत्या. बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे, म्हणजे एका मतदाराने अ, ब, क, ड अशी चार मतं द्यायची. अशा निवडणुकीत पॅनलच्या साइटवर चार चेहरे, चार जागा आणि एकच चिन्ह हे एका नजरेत बसवणं हेच डिझाइनचं मुख्य काम. तिची तुलना अमेरिकेतल्या सिनेटच्या उमेदवाराच्या साइटशी करून "यात मोकळी जागाच नाही" म्हणणं हा अन्याय आहे.

तेव्हा वहीत प्रत्येक साइटच्या नावापुढे पहिलं वाक्य हेच लिहा: "ही साइट अमुक मागते." वाक्य पूर्ण करता आलं नाही, तर तेही लिहा. साइटलाच आपण काय मागतोय हे ठाऊक नसतं, असं पुष्कळदा निघतं, आणि तुमचं सगळ्यात मोलाचं निरीक्षण तेच ठरतं.

दुसरी पायरी: जोड्या नीट लावा

एकाच निवडणुकीतले, एकाच पदाचे उमेदवार घ्या. नाशिक मध्यचा उमेदवार नाशिक पश्चिमच्या उमेदवाराशेजारी ठेवता येतो, खासदाराशेजारी ठेवू नका. चार ते सहा साइट्स बस झाल्या. त्यात निदान एक अशी घ्या जिच्या पक्षाला तुम्ही कधीच मत देणार नाही. आपल्या माणसाची साइट आपल्याला आपोआप देखणी वाटते. हा दोष माझ्यातही आहे आणि त्यावर उपाय चौथ्या पायरीत आहे.

जुन्या साइट्सही घ्या. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पत्ता टाकला की वर्षावार प्रती दिसतात, फक्त त्यातले काही फोटो गळालेले असू शकतात, म्हणून रिकामी चौकट दिसली की लगेच डिझायनरला दोष देऊ नका. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००० पासूनच्या निवडणुकांच्या साइट्सचा संग्रह ठेवला आहे. त्याच्याही आधीची १९९६ सालची, अध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार बॉब डोल यांची साइट जपली गेली आहे. त्या वर्षी अध्यक्षपदाच्या पहिल्या जाहीर वादात शेवटी बोलताना डोल यांनी साइटचा पत्ता सांगितला आणि सांगताना त्यातलं एक टिंब त्यांच्याकडून राहून गेलं. पत्ता तोंडाने सांगता येईल इतका सोपा हवा, हा धडा प्रभागातल्या रिक्षावर लाउडस्पीकर लावणाऱ्यांनाही तितकाच लागू आहे.

तिसरी पायरी: सगळ्यांचे फोटो एकाच मापाने काढा

तुलना इथे सगळ्यात जास्त बिघडते. एक साइट लॅपटॉपवर पाहायची, दुसरी फोनवर, तिसरीचा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला स्क्रीनशॉट, असं चालत नाही. क्रोममध्ये डेव्हलपर टूल्स उघडा, फोनचा देखावा निवडा, रुंदी ३६० पिक्सेल ठेवा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि पी एकदम दाबून 'कॅप्चर फुल साइझ स्क्रीनशॉट' शोधा. वरपासून तळापर्यंत आख्खं पान एका चित्रात येतं. प्रत्येक साइटचं असं एक चित्र, आणि शिवाय फक्त पहिल्या पडद्याचं एक. आधी फोनची रुंदी, लॅपटॉपची नंतर. आपले मतदार फोनवरच आहेत.

चौथी पायरी: बटर पेपर घेऊन बसा

माझी आवडती पायरी. पहिल्या पडद्यांच्या ए-फोर आकाराच्या काळ्या-पांढऱ्या प्रती काढा. रंग गेला की निम्मा पक्ष गेला. वर बटर पेपर ठेवा आणि पेन्सिलीने फक्त चौकटी काढा: फोटोची चौकट, नावाची चौकट, बटण, चिन्ह, नेत्यांची रांग. अक्षरं लिहू नका. सगळ्या साइट्सचे असे कागद टेबलावर एका ओळीत मांडा. आता तुम्हाला उमेदवार दिसत नाहीत, नुसती मांडणी दिसते. मी म्हटलेला उपाय हाच.

आता डोळे किलकिले करून मूळ प्रतीकडे पाहा. सगळ्यात आधी काय उठून दिसतं त्यावर बटर पेपरवर एक लिहा, नंतर दोन, नंतर तीन. पहिल्या पायरीत लिहिलेलं वाक्य आणि हे आकडे जुळतात का ते तपासा. साइट चिन्ह लक्षात ठेवायला सांगतेय आणि चिन्हावर तुमचा पाच नंबर पडला, तर दोष सापडला. तुमचं सौंदर्याचं मत अजून मध्ये आलेलंच नाही, हे लक्षात घ्या.

आपल्याकडच्या साइट्सवर या कागदात एक गोष्ट हमखास दिसते: वरची गोल फोटोंची रांग. राष्ट्रीय नेते, राज्यातले नेते, जिल्ह्यातले, शहराध्यक्ष. ती रांग फ्लेक्सवरून जशीच्या तशी साइटवर आली आहे. दहा बाय वीसच्या फ्लेक्सवर ती वरच्या पट्टीत बसते आणि खाली उमेदवार हात जोडून मोठा उभा असतो. फोनच्या उभ्या पडद्यावर मात्र ती रांग तुटून दोन किंवा तीन ओळींची होते आणि उमेदवार खाली ढकलला जातो. मी एकदा एका साइटच्या बटर पेपरवर मोजलं, तर पहिल्या पडद्यात अकरा गोल होते आणि उमेदवाराचं फक्त कपाळ दिसत होतं.

ही रांग काढून टाका, असं नवे डिझायनर सर्रास सुचवतात. ती निघत नाही, आणि निघावी असंही मला वाटत नाही. कोणाचा फोटो आहे, कुठल्या क्रमाने आहे, कोणाचा नाही, हे आपल्याकडचा मतदार बातमीसारखं वाचतो. तुलना करताना रांग आहे की नाही हे पाहू नका. ती किती उंची घेते, क्रम पाळूनही ती एका ओळीत कोणी बसवली, उमेदवाराला तिने कुठे ढकललं, हे पाहा. काही साइट्स ती रांग एका बारीक आडव्या पट्टीत ठेवतात आणि बोटाने सरकवता येते. मान राखला जातो, चेहराही वर राहतो.

पाचवी पायरी: अक्षरं

इथे जरा थांबायचं आहे, कारण मराठी साइट्सच्या तुलनेत सगळ्यात जास्त इथे सापडतं आणि सगळ्यात कमी इथे पाहिलं जातं.

अमेरिकेत टाइपफेसवर, म्हणजे अक्षरांच्या घडणीवर, किती विचार होतो याची दोन उदाहरणं. ओबामांच्या २००८च्या प्रचारात गॉथम हा टाइपफेस सगळीकडे होता. टोबियास फ्रिअर-जोन्स यांनी तो न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतींवरच्या पाट्यांवरून घडवला होता. बायडन यांच्या २०२०च्या प्रचारातला डेसिमल हा टाइपफेस मनगटी घड्याळांच्या तबकड्यांवरच्या अक्षरांवरून आला. एक पाटीचा, एक घड्याळाचा, पण दोन्ही ठिकाणी लोकांनी आधी कुठेतरी पाहिलेलं, सवयीचं, भरवशाचं वळण उचललं आहे.

आता आपल्याकडे या. फ्लेक्सची दुकानं वर्षानुवर्षं श्रीलिपी आणि कोरल ड्रॉवर चालतात. त्या जुन्या पद्धतीची अक्षरं युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोनला मजकूर म्हणून वाचता येणारी, नसतात, म्हणून साइटवर ती चित्र म्हणून चिकटवली जातात. तपासायचं सोपं: मजकुरावर बोट दाबून धरा. निवडता आला तर खरा मजकूर. नाही आला तर चित्र, म्हणजे गूगलला तो दिसत नाही, ज्याला डोळ्यांनी दिसत नाही अशा मतदाराचा फोन तो वाचून दाखवत नाही, आणि लहान पडद्यावर तो नुसता बारीक होत जातो. वहीत एक रकाना याचा करा.

मग एकेक शब्द जवळून पाहा. मी सगळ्या साइट्सवर 'शेतकऱ्यांना' हा शब्द शोधते. जिल्ह्यात कांदा आणि द्राक्षं पिकतात, त्यामुळे हा शब्द नसलेला जाहीरनामा मी अजून पाहिलेला नाही. यातला अर्धा र मराठीचा खास आहे, आडव्या दांडीसारखा. फॉन्ट किंवा टाइप करणारा चुकला की तिथे रफार येतो आणि शब्द 'शेतकर्यांना' होतो. 'दऱ्या' लिहायला जावं आणि 'दर्या' व्हावा, डोंगरात निघालेला माणूस समुद्रात पोचावा, इतका हा फरक मोठा आहे. एका साइटवर हा र बरोबर आणि दुसऱ्यावर चुकीचा असेल, तर कोणी मराठी माणसाला वाचायला देऊन साइट लावली आणि कोणी नाही, हे तुम्हाला कळलं.

दुसरं, ल आणि श. राज्य शासनाच्या २००९च्या वर्णमालेविषयीच्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हे मराठीचं वळण म्हणून दिलं आहे. पुष्कळ फॉन्ट हिंदी वळणाचे ल आणि श दाखवतात. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवलेली असेल तरच मराठी वळण पुढे येतं. वाचणाऱ्याला काय खटकलं हे सांगता येत नाही, पण पान हिंदीतून आणल्यासारखं वाटतं.

तिसरं, शिरोरेषा. इंग्रजी साइटची तयार चौकट घेतली की तिच्यात शीर्षकांना अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं. इंग्रजीत ते ऐटदार दिसतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि 'विकास'ची तीन सुटी अक्षरं होतात. तसंच दोन ओळींमधलं अंतर: इंग्रजीच्या मापाने ठेवलं की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात. शिवाय आपल्याकडे कॅपिटल अक्षरं नाहीत. इंग्रजी डिझायनर जे काम कॅपिटलकडून करून घेतो, ते आपल्याला जाडी, आकार आणि रंगाकडून करून घ्यावं लागतं. मुक्त, हिंद, नोटो असे मोफत युनिकोड फॉन्ट वेगवेगळ्या जाडीत मिळतात. ज्या साइटने एकाच घराण्यातल्या दोन किंवा तीन जाड्या वापरून काम भागवलं, ती बहुतेक वेळा पाच फॉन्ट वापरणाऱ्या साइटपेक्षा शांत वाचता येते.

सहावी पायरी: रंग मोजा

पक्षाचा रंग कोणता, यावर बोलण्यासारखं फार नाही, तो ठरलेला असतो. त्या रंगावर अक्षरं वाचता येतात का, हे मोजायचं. वेबच्या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी निदान ४.५ला १ आणि मोठ्या मजकुराला ३ला १ असा उठाव, म्हणजे दोन रंगांच्या उजळपणातला फरक, लागतो. तो मोजणारी मोफत साधनं नेटवर आहेत. दोन रंग टाकले की आकडा येतो.

तिरंग्यातला म्हणून वेबवर सर्रास वापरला जाणारा केशरी घ्या. पडद्यावर तो लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१ अशा मिश्रणाने लिहितात. त्यावर पांढरी अक्षरं ठेवली तर उठाव जेमतेम २.१ भरतो. काळी ठेवली तर ९.९च्या जवळ. त्याच जोडीचा हिरवा (लाल १९, हिरवा १३६, निळा ८) पांढऱ्या अक्षरांना ४.६ देतो, म्हणजे काठावर पास.

हे आकडे मी चुकून शिकले. एका प्रचार कार्यालयासाठी मी सहा साइट्सची तुलना करून, त्यातून नवी साइट बांधून नेली होती. केशरीवर पांढरं, मला फार आवडलेलं. तिथले जुने कार्यकर्ते काका फोन घेऊन रविवार कारंजावर भर दुपारी उन्हात उभे राहिले आणि तिथूनच मला फोन केला. "ताई, नाव दिसतंय आमचं, पण खाली काय लिहिलंय? आणि निशाणी कुठंय यात?" मी एसीत बसून लॅपटॉपवर ठरवलं होतं. तेव्हापासून तुलनेतली प्रत्येक साइट मी एकदा उन्हात उभी राहून पाहते, तुम्हीही पाहा.

रंग पक्षाच्या ठरलेल्या पेटीबाहेरचा घेऊन काय साधतं, यासाठी न्यूयॉर्कमधून अमेरिकी संसदेसाठी उभ्या राहिलेल्या अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझ यांचा २०१८चा प्रचार पाहा. जांभळा आणि पिवळा, तिरप्या ओळी, दोन्ही बाजूंना स्पॅनिश पद्धतीची उद्गारचिन्हं. टँडम या स्टुडिओने सीझर चावेझ यांच्या शेतमजूर चळवळीच्या पोस्टर्सचा धागा पकडला होता. मतदारसंघात स्पॅनिश बोलणारे पुष्कळ, आणि ते पोस्टर त्यांना ओळखीचं वाटावं असं होतं. नुसती तिरपी अक्षरं उचलून पंचवटीत लावली तर त्यातलं काहीच येणार नाही.

सातवी पायरी: दुसऱ्यांना दाखवा

तुमचा अंदाज किती चुकू शकतो, याचं प्रसिद्ध उदाहरण पुन्हा ओबामांचंच आहे. डिसेंबर २००७ मध्ये त्यांच्या चमूने साइटच्या पहिल्या पानाचे २४ नमुने एकाच वेळी वेगवेगळ्या लोकांना दाखवले: चार बटणं, सहा फोटो किंवा व्हिडिओ. चमूतल्या लोकांना व्हिडिओ जिंकेल असं वाटत होतं. प्रत्यक्षात सगळे व्हिडिओ फोटोंच्या मागे पडले. जिंकला तो कुटुंबाचा फोटो आणि 'आणखी जाणून घ्या' अशा अर्थाचं बटण. नाव नोंदवणाऱ्यांचं प्रमाण ८.२६ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर गेलं.

तुमच्याकडे एवढी गर्दी नसेल, तर पाच माणसं पुरे. डिझायनर मित्र नकोत. टपरीवरचा चहावाला, शेजारच्या आजी, सातपूरच्या कारखान्यातून शिफ्ट संपवून आलेला भाऊ. फोनवर पहिला पडदा पाच सेकंद दाखवा, फोन उलटा ठेवा आणि विचारा: कोण होतं? निशाणी कुठली? तुम्हाला काय करायला सांगितलं? उत्तर जसंच्या तसं, त्यांच्या शब्दांत लिहा. "कसं वाटलं?" विचारू नका, समोरचा तुमचं मन राखायला "छान" म्हणतो.

आठवी पायरी: तळ पाहा

इथे वेळ कमी लागतो. अमेरिकेच्या साइटवर तळाशी या पानाचे पैसे कोणी दिले ते लिहिलेलं असतं, बहुधा एका चौकटीत. आपल्याकडे छापील पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता असणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ प्रमाणे बंधनकारक आहे. भारत निवडणूक आयोगाच्या २०१३च्या सूचनांनुसार साइट आणि समाजमाध्यमांवरचा खर्च उमेदवाराच्या खर्चात धरला जातो. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यामुळे प्रत्यक्ष काम करताना त्यांचे आदेश वेगळे वाचा. तुलनेच्या वहीत एवढंच: ही साइट कोणाची, हे तळाशी लिहिलंय का, आणि ते वाचता येतं का.

नववी पायरी: कागद मांडा, गुण देऊ नका

दहापैकी गुण देण्याचा मोह आवरा. सगळे बटर पेपर आणि वहीतले रकाने समोर ठेवून प्रत्येक साइटसाठी तीनच वाक्यं लिहा: ती काय मागते, डोळा आधी कुठे जातो, आणि या दोहोंच्या मध्ये काय आडवं येतं. तिसऱ्या वाक्यात नेत्यांची रांग येईल, पांढरं-केशरी येईल, आपोआप सरकणारे फोटो येतील. डिझायनरने दुरुस्त करायचं ते तेवढंच असतं. बाकी सगळं आवडीचं, ते पानाच्या मागच्या बाजूला लिहा.

दहावी पायरी: आजच जपून ठेवा

२०१७ला मी प्रभागांमधल्या कितीतरी साइट्स पाहिल्या, रोज पाहत होते, आणि एकही साठवली नाही. निकाल लागल्यावर साइटचे पैसे कोणी भरत नाही. वर्षभरात पत्ते बंद पडले. गोदाघाटाचा पहाटेचा फोटो मागे ठेवून चार उमेदवारांची नावं इतकी सुंदर बसवलेली एक साइट त्यात होती, की अजून मी मुलांना तिचं तोंडी वर्णन करते. दाखवायला माझ्याकडे काही नाही.

म्हणून तुलना सुरू कराल त्या दिवशीच फोल्डर करा. प्रत्येक चित्राच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग प्रभाग, मग उमेदवाराचं नाव, शेवटी 'फोन' किंवा 'लॅपटॉप'. वेबॅक मशीनमध्ये 'सेव्ह पेज नाऊ' आहे, तिथे पत्ता टाका. अर्ज भरल्यावर एकदा, चिन्हवाटप झाल्यावर एकदा आणि प्रचार थांबतो त्या संध्याकाळी एकदा अशी तीनदा चित्रं काढा, कारण चिन्ह मिळाल्यावर अपक्षांच्या साइट्स एका रात्रीत पूर्ण बदलतात.